जाळीचा पत्रा घेताना : आधी भोक, मग धातू, भाव शेवटी

पत्र्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सोळा गेजची जाळी किलोला काय भाव?" दुकानदार भाव सांगतो, थोडी घासाघीस होते, पत्रा टेम्पोत चढतो. भोक किती मिलिमीटरचं, दोन भोकांच्या मध्यात अंतर किती, पत्र्याचा किती हिस्सा मोकळा राहिला, हे क्वचितच कुणी विचारतं. मग कांडपयंत्रात मिरची हवी तशी बारीक पडत नाही, जनरेटरच्या पेटीतून आवाज तसाच येतो आणि गॅलरीची जाळी दुसऱ्या पावसाळ्यात भोकांच्या कडांपासून तांबडी पडायला लागते.

भोकाचा पत्रा गेज (जाडी सांगायचा जुना नंबर) आणि किलोवर घेण्याची वस्तूच नाही. त्यातून काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे आधी ठरवायचं. त्यावरून भोक ठरतं, भोकावरून जाडी, जागेवरून धातू, आणि भाव सगळ्यात शेवटी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात ही जाळी जिथे जिथे लागते ती कामं डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम खाली लिहिला आहे.

तीन आकडे कागदावर मांडा

पहिला आकडा भोकाचा व्यास. दुसरा पिच, म्हणजे एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. तिसरा पत्र्याची जाडी. बाकीचं बहुतेक सगळं या तिघांतून निघतं.

गोल भोकं बहुधा साठ अंशांच्या मांडणीत असतात, म्हणजे दुसऱ्या ओळीतलं भोक पहिल्या ओळीतल्या दोन भोकांच्या मधोमध येतं. या मांडणीत मोकळं क्षेत्र काढायचं सूत्र सोपं आहे : भोकाच्या व्यासाचा वर्ग भागिले पिचचा वर्ग, गुणिले 90.69. उत्तर टक्क्यांत येतं. भोक 6 मिमी आणि पिच 9 मिमी असेल तर 36 भागिले 81 गुणिले 90.69, म्हणजे साधारण 40 टक्के. 3 मिमी भोक आणि 5 मिमी पिचला 32.6 टक्के. 2 मिमी भोक आणि 3.5 मिमी पिचला जेमतेम 29.6 टक्के. भोकं एकाखाली एक सरळ ओळीत असतील तर 90.69 च्या जागी 78.54 घ्यायचे. चौकोनी भोकं सरळ ओळीत असतील तर बाजूचा वर्ग भागिले पिचचा वर्ग गुणिले 100.

हा हिशेब करायला मोबाइल पुरतो आणि तो दुकानात उभ्या उभ्या करावा. "चाळीस टक्के ओपन आहे" असं कुणी तोंडी सांगितलं आणि पत्र्यावर 5 मिमी भोक 8 मिमी पिचवर निघालं, तर ते 35 टक्के आहे. चाळणीच्या कामात या पाच टक्क्यांचा फरक उत्पादनात दिसतो.

आता जाडी. पंचाने, म्हणजे दाबून भोक पाडणाऱ्या ठशाने, भोक पाडताना साध्या लोखंडात भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नसावा, हा जुना नियम आहे. स्टेनलेसमध्ये दीडपट ते दुप्पट धरा, कारण तो धातू चिवट असतो आणि बारीक पंच मोडतात. म्हणूनच 1 मिमी भोकाची जाळी 2 मिमी जाडीत मागितली की कारखानदार मान हलवतो. दोन भोकांच्या मधली पट्टीही निदान पत्र्याच्या जाडीइतकी ठेवावी, नाहीतर पंच पडताना ती पिळते.

गेजवर विसंबू नका. तक्त्याप्रमाणे 14 गेज म्हणजे 2.03 मिमी, 16 गेज 1.63, 18 गेज 1.22 आणि 20 गेज 0.91 मिमी. प्रत्यक्षात "सोळा गेज" म्हणून दीड मिमीचा पत्राही हातात येतो. ऑर्डर मिलिमीटरमध्येच द्या आणि व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचं अवजार) खिशात ठेवा.

वजनाचा अंदाजही इथेच घ्या. लोखंडाचा पत्रा दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला 7.85 किलो भरतो, ॲल्युमिनियम 2.7 किलो. आठ बाय चार फुटांचा 1.6 मिमी लोखंडी पत्रा अख्खा असताना साधारण 37 किलो, 40 टक्के भोकं पाडल्यावर साडेबावीस किलोच्या आसपास. कडेला कोरी पट्टी ठेवली असेल तर थोडा जास्त. भाव किलोवर ठरत असेल तर तो कोऱ्या पत्र्याच्या वजनावर की भोकं पाडलेल्या, हे तिथेच विचारून घ्या. भोकांतून पडलेल्या टिकल्या कुणाच्या, हाही प्रश्न त्याच वेळी मिटवावा. मोठ्या ऑर्डरीत त्या टिकल्यांचं भंगार बरंच होतं.

एक गोष्ट लक्षात राहू द्या. पत्र्याचं वजन 40 टक्क्यांनी कमी झालं म्हणून त्याचा ताठपणा 40 टक्क्यांनीच कमी होतो असं नाही. 6 मिमी भोक 9 मिमी पिचवर असेल तर ताठपणा निम्म्याच्याही खाली जातो. त्यामुळे मोठ्या पॅनलची कड दुमडून घेणं किंवा मागे अँगल देणं टाळता येत नाही.

गोल, चौकोनी की लांबट

दिसण्याचं काम असेल तर आवडीवर जा. धान्याचं काम असेल तर आवड बाजूला ठेवा. गोल भोक दाण्याची रुंदी मोजतं, लांबट भोक दाण्याची जाडी मोजतं. सोयाबीनच्या राशीत अख्खे दाणे गोल आणि फुटके अर्धे दाणे चपटे असतात. लांबट भोकाच्या चाळणीवर राशी घातली तर फुटके आडवे होऊन खाली पडतात, अख्खे वर राहतात. गोल भोकाच्या चाळणीने हे नीट होत नाही, कारण फुटक्याची रुंदी अख्ख्याइतकीच असते. शेंगदाण्याची प्रतवारी करतानाही जाड-बारीक वेगळं करायचं असेल तर लांबट भोक लावतात. चिकोडी-निपाणीकडे शेंगा आणि सोयाबीन दोन्ही पिकतात. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे त्याने चाळण्यांचे दोन संच ठेवावेत, पैसे फुकट जात नाहीत.

खडी-वाळूच्या क्रशरवर चौकोनी भोकाचा पत्रा चालतो. खडीसाठी IS 383 हे भारतीय मानक आहे आणि प्रयोगशाळेत कस लावताना वापरायच्या चाळण्यांसाठी IS 460. त्यातला दुसरा भाग खास भोकाच्या पत्र्याच्या चाळण्यांचा आहे. क्रशरच्या जाळीला 20 मिमी भोक पाडलं म्हणून खाली येणारी खडी नेमकी "20 एमएम" होते असं समजू नका. जाळी तिरकी असते आणि दगड उडत जातो, म्हणून भोक थोडं मोठं ठेवावं लागतं. किती, ते उतारावर आणि यंत्राच्या हादऱ्यावर ठरतं. एक पॅनल लावून चाळून बघावं, मग बाकीची ऑर्डर द्यावी.

जिल्हा एक, हवा दोन

धातू निवडताना आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कणकुंबी, जांबोटी, खानापूरचा पश्चिम भाग सह्याद्रीला चिकटलेला आहे. तिथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे भिंती वाळत नाहीत. अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात धूळ आणि ऊन, पाऊस बेताचा. बेळगाव शहर या दोघांच्या मध्ये. एकच जाळी तिन्ही ठिकाणी लावणारा कुठेतरी हात पोळून घेणारच.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा आधी जस्त चढवलेला असतो आणि भोकं नंतर पडतात. मग प्रत्येक भोकाच्या कडेला उघडं लोखंड राहतं. पातळ पत्र्यात शेजारचं जस्त त्या कडेला थोडंफार सांभाळतं. अथणीच्या गोदामात किंवा छताखाली तेवढं पुरतं. कणकुंबीच्या अंगणात पुरत नाही. घ्यायचाच असेल तर जस्ताचा थर विचारा. IS 277 प्रमाणे पत्रे 120, 275 ग्रॅम प्रति चौरस मीटर अशा थरांत येतात. 275 म्हणजे दोन्ही बाजूंचं मिळून, प्रत्येक बाजूला साधारण 19 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

आधी भोकं पाडून मग गरम जस्तात बुडवणं हा दुसरा मार्ग. यात कडाही झाकल्या जातात. पण जस्ताची भट्टी साधारण 450 अंशांवर असते, पातळ पत्रा त्यात वाकडा होतो आणि बारीक भोकांत जस्ताचा पापुद्रा अडकतो. गटारावरच्या झाकणांसाठी, गोठ्यातल्या पायपट्टीसाठी, 3 मिमी जाड आणि 10 मिमी भोक अशा कामांना हा उत्तम. 1 मिमीच्या नाजूक जाळीला याच्या वाटेला जाऊ नका.

पावडर कोटिंग घराबाहेर सगळेच मागतात, पण ते धारदार कडेवर पातळ बसतं. भट्टीत पावडर वितळते तेव्हा ती कडेपासून मागे सरकते. म्हणून कोटिंगच्या आधी भोकांची बर (कडेला उरलेली धारदार किनार) घासून काढणं आणि तेल धुणं हे काम कुणी वगळत नाही ना, हे बघा. दर बाजूला 60 ते 80 मायक्रॉन थर म्हणजे भोकाचा व्यास एक-दीड दशांश मिलिमीटरने कमी होतो. 6 मिमीच्या भोकात हे दिसत नाही, दीड मिमीच्या भोकात दिसतं.

ॲल्युमिनियम खानापूरच्या बाजूला बाहेरच्या कामासाठी माझी पहिली पसंती. हलकं असतं, गंजाचे ओघळ भिंतीवर येत नाहीत. पण त्याला लोखंडी स्क्रूने लोखंडी चौकटीवर थेट आवळू नका. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. स्टेनलेसचे स्क्रू आणि मध्ये नायलॉन किंवा रबराचा वॉशर हवा.

स्टेनलेसमध्ये 304 हा घरगुती आणि खाद्यपदार्थांच्या कामाचा नेहमीचा दर्जा. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, मीठ आणि क्लोरीन जिथे आहे तिथे तोच टिकतो. मिठाच्या किंवा लोणच्याच्या कामाला तो घ्यावा, गॅलरीला नको. बाजारात 304 म्हणून 202 (निकेल कमी, मँगनीज जास्त असलेला स्वस्त दर्जा) खपवलं जातं, आणि ते ओळखायला लोक खिशातून लोहचुंबक काढतात. त्याने काही कळत नाही, कारण 202 लाही चुंबक धरत नाही. उलट अस्सल 304 च्या पत्र्यावर पंच पडल्यावर भोकाच्या कडेला चुंबक किंचित ओढलं जातं, आणि माणूस चांगला माल परत करतो. चुंबकाने 430 सारखा दर्जा कळतो, बाकी नाही. भंगारवाल्यांकडे मँगनीज दाखवणारं थेंबाचं औषध असतं, त्याने 202 पकडता येतं. मोठी ऑर्डर असेल तर मिलचं प्रमाणपत्र आणि धातूतले घटक दाखवणाऱ्या तपासणीच्या बंदुकीचा अहवाल मागा.

उद्यमबाग किंवा मच्छेच्या बाजूला स्टेनलेसचा एक निराळाच त्रास होतो. आजूबाजूला फाउंड्री आणि ग्राइंडिंगची कामं असल्याने लोखंडाची धूळ उडते, ती जाळीवर बसते आणि पहिल्या पावसात तिचा गंज चढतो. लोक म्हणतात स्टेनलेस खोटं निघालं. बहुतेक वेळा स्टेनलेस खरं असतं, गंज वरच्या धुळीचा असतो. ताजा असेल तर साबणाने धुऊन निघतो. भोकं पाडणाऱ्या शेडमध्ये लोखंडाचं काम त्याच टेबलावर चालत असेल तर हाच डाग कारखान्यातूनच येतो.

गिरणी, कांडप, हलर

हॅमरच्या कांडपात जाळी ही बारीकपणाची चावी. पण जाळीचं भोक 1 मिमी म्हणजे पूड 1 मिमीची असं नसतं. दाणा हातोड्याच्या फटक्याने जाळीवर तिरका घासत जातो, म्हणून बाहेर पडणारी पूड भोकापेक्षा बरीच बारीक येते. संकेश्वरी मिरचीचं तिखट काढताना ही गोष्ट महत्त्वाची. फार बारीक भोक लावलं की मिरची आत जास्त वेळ फिरते, तापते आणि रंग उतरतो. त्यापेक्षा थोड्या मोठ्या भोकातून काढून दोनदा फिरवलेलं बरं. मिरची नीट वाळलेली नसेल तर भोकं चोंदतात. तिथे भोक बदलून उपयोग नाही, ऊन दाखवावं लागतं.

बारीक भोकाची जाळी पातळच असणार, आधी सांगितलेल्या नियमामुळे. म्हणजे ती लवकर फाटणार. लोखंडाचा खिळा किंवा खडा आत गेला तर पहिल्याच दिवशी फाटते, म्हणून तोंडाशी चुंबक लावणं जाळीपेक्षा स्वस्त पडतं. जाळीची झीज भोकाच्या एकाच कडेला होते. ती कड गोल झाली की माल निघायचा वेग मंदावतो. तेव्हा जाळी फिरवून उलट्या दिशेने लावा, दुसरी ताजी कड कामाला येते.

खानापूरकडच्या जुन्या हलरला (भात सडायच्या यंत्राला) सिलिंडरखाली लांबट भोकांची जाळी असते. तिच्यातून कोंडा खाली पडतो, तांदूळ पुढे जातो. भोकं झिजून रुंद झाली की कणी कोंड्याबरोबर निघून जाते. गिरणीवाल्याला ते लवकर कळत नाही, शेतकऱ्याला तांदळाचा उतारा कमी आल्यावर कळतं. म्हणून नवीन जाळीतलं भोक ज्या पातळ फीलर पट्टीने मोजलं ती पट्टी जवळ ठेवा आणि हंगामात अधूनमधून घालून बघा.

साखर कारखान्यातली जाळी मात्र वेगळ्याच जातीची. सतत चालणाऱ्या सेंट्रिफ्युगलच्या (साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्राच्या) टोपलीतली जाळी निकेलची असते, वर कडक क्रोम, आणि फटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजाव्या लागतात. ती पंचाने पाडलेली नसते, विद्युत प्रक्रियेने घडवलेली असते. ती यंत्राच्या मूळ उत्पादकाच्या मापानेच मागवावी. गुऱ्हाळात रस गाळायला मात्र साधी स्टेनलेस 304 ची भोकाची जाळी चांगली चालते. चोयट्या अडकल्या की ब्रशने घासता येते. तारेची जाळी घासताना तारा सरकतात आणि गाळणी निकामी होते.

नदीवरच्या पंपाची गाळणी : एक पूर्ण हिशेब

दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या नद्यांवरून पाणी उचलणाऱ्यांनी फूट व्हॉल्व्हच्या (पाण्यात बुडालेल्या पाइपच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या) जाळीचा हिशेब एकदा तरी करून बघावा. भोकांचं एकूण क्षेत्र पाइपच्या तोंडाच्या निदान तिप्पट असावं, म्हणजे थोडा पाला अडकला तरी पंप उपाशी राहत नाही.

समजा पाइप 100 मिमी. तोंडाचं क्षेत्र 7854 चौरस मिमी, तिप्पट म्हणजे साधारण 23,560. आठ मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्र 50 चौरस मिमीच्या थोडं वर. म्हणजे निदान 470 भोकं हवीत. आता 8 मिमी भोक 12 मिमी पिचचा पत्रा घेतला तर मोकळं क्षेत्र 40 टक्के. त्याचं 200 मिमी व्यासाचं, 300 मिमी लांबीचं नळकांडं वळवलं तर पत्र्याचं क्षेत्र 1,88,500 चौरस मिमी आणि मोकळं क्षेत्र सुमारे 75,400. म्हणजे पाइपच्या साडेनऊ पट. पावसाळ्यात निम्मी जाळी पाल्याने झाकली तरी पावणेपाच पट शिल्लक. एवढ्यासाठी सव्वादोन फूट लांब, फूटभर रुंद पत्रा पुरतो. बाजारातल्या तयार गाळण्या बऱ्याचदा लहान असतात, त्यांची भोकं मोजून बघा.

वाळूसाठी भोक लहान करायचा मोह होतो. तो आवरा. पाण्यासोबत येणारी बारीक वाळू या जाळीने थांबत नाही, तिच्यासाठी पुढे वेगळा फिल्टर लागतो. इथे फक्त पाला, काटक्या, खडे आणि मासे अडवायचे.

पट्ट्याचं कव्हर आणि बोटं

यंत्राच्या फिरत्या भागाला आडोसा हवा हे कारखाना कायदा, 1948 च्या कलम 21 मध्ये होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. जाळी लावली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. भोकातून बोट जातं, आणि कितपत आत जातं ते भोकाच्या मापावर ठरतं. ISO 13857 या यंत्र-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातले आकडे गोल भोकासाठी असे : 8 मिमीपर्यंतच्या भोकाला जाळी आणि फिरता भाग यांत 5 मिमी अंतर पुरतं, 10 मिमीला 20 मिमी, 12 मिमीला 80 आणि 20 मिमीला 120 मिमी. पुली जाळीपासून दोन इंचांवर असेल तर 12 मिमी भोक चालत नाही, 10 किंवा त्याखाली या. कडबा कुट्टीला हेच लागू. लांबट भोक इथे नको, त्यातून बोट जास्त खोल जातं.

जनरेटरच्या पेटीत उलटी चूक होते. बाहेरून भोकाचा पत्रा लावतात, मग आवाज सगळा बाहेर. बाहेरचं कवच कोऱ्या पत्र्याचं हवं, त्याच्या आत रॉकवूल किंवा ग्लासवूल, त्यावर काळं कापड आणि सगळ्यात आत भोकाचा पत्रा. तो पत्रा फक्त लोकर जागेवर धरतो, आवाज लोकर शोषते. मोकळं क्षेत्र 20 टक्क्यांच्या वर, शक्यतो 30 ठेवा. 1000 केव्हीएपर्यंतच्या संचाला पेटीपासून एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती लोकरीच्या जाडीने व दारांच्या रबराने गाठायची असते.

हवेच्या झरोक्याला जाळी लावताना एवढंच : दोन बाय दोन फुटांच्या झरोक्याला 40 टक्क्यांची जाळी बसवली की झरोका दोन बाय दोनचा उरत नाही, अर्ध्याहून लहान होतो. तेवढीच हवा हवी असेल तर झरोका अडीचपट मोठा करा.

घर आणि इमारत

पश्चिमेच्या गॅलरीला 30 ते 40 टक्के मोकळी जाळी दुपारचं ऊन बऱ्यापैकी कापते आणि वारा सोडते. दिवसा रस्त्यावरून आतलं दिसत नाही, रात्री आत दिवा लावला की दिसतं. हे आधी सांगितलं नाही तर मालक नंतर फॅब्रिकेटरशी भांडतो. जिन्याच्या कठड्याला लहान मुलं असतील तर 6 मिमीच्या आतलं भोक घ्या, बोट अडकत नाही आणि पाय ठेवून चढताही येत नाही. धान्याच्या खोलीत उंदीर अडवायला 5 मिमी. डासांसाठी भोकाचा पत्रा घेऊच नका, तारेची बारीक जाळी स्वस्त आणि योग्य. दुकानाच्या शटरला भोकाच्या पट्ट्या लावल्या की रात्री आतला माल दिसतो आणि हवाही खेळते.

बसवताना पॅनलला पसरायला जागा ठेवा. तीन मीटरचं ॲल्युमिनियम पॅनल 30 अंश तापमान वाढलं की 2 मिमीने लांब होतं, लोखंड 1 मिमीने. बोल्टची भोकं लांबट पाडा, एक बोल्ट घट्ट आणि बाकीचे सरकते. आधार 600 मिमीच्या आत ठेवला तर वाऱ्यात पत्रा खडखडत नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या मोठ्या दर्शनी जाळीचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. भोकं आहेत म्हणजे वाऱ्याचा जोर तेवढ्या प्रमाणात कमी होतो, हा गैरसमज आहे.

पंच की लेझर

पन्नास पत्रे एकसारखे हवे असतील तर पंच. चार पॅनल, त्यावर वेलबुट्टी किंवा नाव असेल तर लेझर. लेझरचा भाव भोकांच्या संख्येवर चढतो, म्हणून बारीक भोकांची सलग जाळी लेझरवर महाग पडते. साधं लोखंड ऑक्सिजनने कापलं की कडेला काळसर पापुद्रा येतो, त्यावरचं पावडर कोटिंग सालीसारखं निघतं. पापुद्रा काढून घ्या किंवा नायट्रोजनने कापायला सांगा.

पंचाच्या पत्र्याला उलट-सुलट असते. ज्या बाजूने पंच शिरतो ती बाजू गुळगुळीत, दुसरीकडे बर. भोकही त्या दुसऱ्या बाजूला किंचित रुंद असतं. चाळणी म्हणून लावताना गुळगुळीत बाजू मालाकडे ठेवा. दाणा अरुंद तोंडातून शिरला की पुढे जागा मोकळी मिळते, अडकत नाही. उलटी लावलेली चाळणी तासाभरात चोंदते. कठड्याला हात जिथे लागतो तिकडेही गुळगुळीत बाजूच हवी.

ऑर्डर आणि सीमेपलीकडचं बिल

कागदावर एवढं लिहा : धातू आणि दर्जा, जाडी मिमीमध्ये, भोकाचा आकार आणि माप, पिच, मांडणी साठ अंशांची की सरळ, पत्र्याचं बाहेरचं माप, चारही कडांना किती कोरी पट्टी, गुळगुळीत बाजू कुठली, सपाट करून हवा की नाही. भोकं पडल्यावर पत्रा धनुष्यासारखा वाकतो, रोलरमधून काढल्याशिवाय सरळ होत नाही. हे लिहिलं नाही तर वाकडा पत्रा येतो आणि "तुम्ही सांगितलं नव्हतं" हे उत्तरही येतं. लांबट भोकांची दिशा पत्र्याच्या लांबीला समांतर की आडवी, हेही चित्र काढून दाखवा.

आपल्याकडे बराच माल कोल्हापूरकडून येतो किंवा तिकडे कामाला जातो. तिथून विकत घेतलं तर बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांतल्या व्यवहाराचा जीएसटी) लागतो. नोंदणी असेल तर तो वळता करून मिळतो, घरगुती गिऱ्हाइकाला नाही. किंमत 50,000 रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल (माल नेताना गाडीसोबत लागणारा ऑनलाइन काढलेला कागद). पण तुमचा पत्रा भोकं पाडायला जॉबवर्क म्हणून राज्याबाहेर पाठवत असाल तर रक्कम कितीही लहान असली तरी ई-वे बिल लागतं. कागलच्या वाटेवर गाडी थांबल्यावर हे शिकायची वेळ येऊ नये.

माल उतरवताना

टेम्पो रिकामा करायच्या आत पाच मिनिटं घ्या. भोकाच्या मापाचा ड्रिल बिट घेऊन त्याचा मागचा गुळगुळीत दांडा पत्र्यावर चार-पाच ठिकाणी घालून बघा, अलगद जायला हवा. पिच एकेक मोजू नका, एका ओळीत अकरा भोकं घ्या, पहिल्याच्या मध्यापासून अकराव्याच्या मध्यापर्यंत मोजून दहाने भागा. पत्रा उजेडाकडे धरा. एखादा पंच मोडलेला असेल तर ओळीत ठराविक अंतराने एकेक भोक गायब दिसतं. दोन कर्ण मोजा, फरक 2-3 मिमीच्या वर असेल तर चौकटीत बसवताना कोपरा अडेल. हाताला तेल लागलं तर रंगवण्याआधी धुवायचं आहे हे रंगाऱ्याला सांगा.

आणि उरलेल्या पत्र्याचा वीतभर तुकडा कापून त्यावर मार्करने धातू, जाडी, भोक, पिच आणि कुठल्या यंत्राला लावला ते लिहून भिंतीवर टांगा. पुढच्या वेळी तोच तुकडा घेऊन दुकानात जा.